कुंचलेआळीचं सुतक

"नदीला पूर आलाय हे दिसत असताना त्यांना पलीकडे कोणी पाठवलं?"

एवढाच प्रश्न होता. तो विचारणारा जगला तोवर त्याला कोणी उत्तर दिलं नाही. पण तो विचारत राहिला म्हणून काय काय घडलं, ते ऐका. लहानांनी ऐका, आणि ज्यांना दाढी येते त्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका.

फार फार पूर्वी नदीकाठच्या एका राज्यात कुंचलेआळी नावाची आळी होती. त्या आळीत दोनच जिन्नस बनत. एक, दाढीला फेस लावायचा कुंचला. दुसरा, ज्यावर घासून वस्तऱ्याची धार नीट करतात तो चामड्याचा लांब पट्टा. राज्यातल्या प्रत्येक न्हाव्याच्या धोकटीत या आळीचं काहीतरी असेच. राजाच्या न्हाव्याच्या धोकटीतही असे.

आळीच्या टोकाला एका घरात तिघं राहत. दादा, वहिनी आणि धाकटा. धाकट्याला आईवडील आठवतही नव्हते. त्याला घास भरवला वहिनीने आणि चामडं धरायला शिकवलं दादाने. शाळेत तो जेमतेम पाटी फुटेपर्यंत गेला. पंतोजींनी छडी उगारली, याने पाटी आपटली, आणि शिक्षण तिथेच संपलं.

दादा पट्टे करी. धाकटा त्यावर वस्तरा घासून बघे, पण त्याच्या हाताला धीर नव्हता. पट्ट्याचं टोक आलं की तो वस्तरा घाईने उलटा फिरवी आणि धार चामड्यात रुते.

"अरे, पाठीवर वळव, पाठीवर," दादा म्हणे. "धार वर आणि पाठ खाली. वळताना जो धारेवर वळतो, तो आपलाच पट्टा कापतो."

"कळलं," असं धाकटा म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा कापी.

वहिनी कुंचले बांधी. केस चांगला की वाईट हे ती डोळ्यांनी बघत नसे. चिमूटभर केस गालावरून फिरवी आणि सांगे, "हा टिकेल", "हा गळेल". धाकट्याला मिसरूड फुटलं तेव्हा तिने उरल्यासुरल्या केसांचा एक कुंचला बांधून त्याच्या हातात ठेवला. आखूड, जाडाभरडा, एका बाजूला कललेला.

"वहिनी, हा कुंचला आहे की बोकडाची दाढी?"

"आधी तुला बोकडाएवढी दाढी येऊ दे भाऊजी, मग बोल."

दादा इतका हसला की हातातली आरी खाली पडली.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात राजाच्या कुंचल्याचा एक केस गळला. तो राजाच्या ओठाला चिकटला, आणि तसाच राजा दरबारात जाऊन बसला. मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. राजाने घरी जाऊन आरसा फोडला आणि हुकूम सोडला, सणाच्या आत नवा कुंचला पाहिजे.

हुकूम घेऊन कोतवाल आळीत आला.

वहिनी म्हणाली, "चांगले केस नदीपलीकडच्या रानातले लोक विकतात. रानडुकराच्या मानेचे. पाणी उतरू दे, मी स्वतः जाऊन निवडून आणते."

"पाण्याला सण कळत नाही बाई," कोतवाल म्हणाला. "राजाला कळतो."

"पण पूर आहे हो."

"हुकूमही आहे."

केस निवडायला वहिनीचाच गाल लागायचा, म्हणून वहिनी निघाली. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून दादा निघाला. धाकटाही पायात वहाणा घालून उंबऱ्यात आला, तर दादाने त्याला मागे ढकललं.

"या पट्ट्याला आत्ताच तेल पाजलंय. तो उबेला धरून बस. आणि भिजू देऊ नको. पट्टा एकदा भिजला की मेला."

धाकटा पट्टा राखत बसला. पट्टा कोरडा राहिला. नाव मात्र परत येताना भर नदीत उलटली.

नावाडी पोहून बाहेर आला. ते दोघं खालच्या वळणावर, उंबराच्या मुळांत अडकलेले सापडले. वहिनीच्या कमरेला एक पुडी होती, तेल लावलेल्या चामड्यात घट्ट बांधलेली. धाकट्याने ती सोडली. आतले केस कोरडे ठणठणीत होते.

आता त्या आळीची एक रीत होती, ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आळीत एका घरी सुतक आलं, की सगळ्या आळीने हात आवरायचे. कोणी चामड्याला शिवायचं नाही, केसाला शिवायचं नाही. दहाव्याला घरच्या माणसाने घाटावर बसून मुंडण केलं की सुतक फिटलं, आणि हातोड्या पुन्हा वाजू लागल्या. मुंडणाचीही एक अट होती. बसलेल्याने मान आपणहून खाली घालायची. ताठ मानेवर न्हाव्याने वस्तरा चालवायचा नाही.

दहाव्याला राजाचाच न्हावी घाटावर आला. तो दादाचा जुना सोबती. त्याने वाटीत रिठ्याचा फेस केला आणि हळूच म्हणाला, "पोरा, मान खाली घे."

धाकट्याने मान वर केली. "काका, नदीला पूर आलाय हे दिसत असताना त्यांना पलीकडे कोणी पाठवलं?"

न्हाव्याचा हात थांबला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"मला नको विचारू, बाबा. सकाळी घटकाभर त्याचा गळा माझ्या हातात असतो. बाकी दिवसभर माझा गळा त्याच्या हातात."

"मग मला मुंडणही नको." धाकटा उठला. वाटीतला फेस तसाच वाळून गेला.

तिथून त्याने एकेकाला गाठायला सुरुवात केली. नावाड्याला विचारलं, तर नावाडी पाण्याकडे बघत राहिला. देवळातल्या शास्त्रीबुवांना विचारलं.

"त्यांची घटका भरली होती," शास्त्रीबुवा म्हणाले.

"घटका भरलीच होती तर हुकूम कशाला लागला?"

शास्त्रीबुवांना एकदम पूजेची आठवण झाली.

चावडीवर जाऊन त्याने कोतवालाला विचारलं.

"नदीने नेलं," कोतवाल म्हणाला.

"नदी आमच्या दारात आली नव्हती. तुम्ही आला होतात."

कोतवालाने त्याला चावडीवरून हाकलून दिलं. उत्तर कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी देत नव्हतं.

इकडे आळीतल्या हातोड्या थांबल्या त्या थांबल्याच. आजवर प्रत्येक घराने दहाव्याला मुंडण केलं होतं. एखाद्याने केलंच नाही तर काय, हा विचार रीत घालणाऱ्यांनीही केला नसावा.

हळूहळू राज्यभरचे पट्टे झिजले, त्यांना चिरा पडल्या. वस्तरे कापायचे सोडून ओढू लागले. खुर्चीत बसलेली माणसं बोंबलू लागली, "अरे, दाढी करतोस की गवत उपटतोस?" कुंचले गळून नुसत्या मुठी उरल्या. मग न्हाव्यांनी धोकट्या खुंटीला टांगल्या आणि राज्याला दाढ्या आल्या.

काय दाढ्या! शास्त्रीबुवा आरती ओवाळायला लागले की लोक आधी पाण्याची घागर जवळ ठेवत. एका नवऱ्या मुलाला सासरच्यांनी मांडवाबाहेर बैराग्यांच्या पंगतीत बसवलं. शेजारच्या राज्याचा वकील आला, त्याने दरबारावरून नजर फिरवली आणि विचारलं, "राजवाडा कुठे आहे? मी चुकून मठात आलो वाटतं."

राजाच्या कानावर सगळं गेलं. त्याचीही दाढी छातीवर उतरली होती.

लोक हसत होते तरी आळीत हसू नव्हतं. काम नाही म्हणजे चूल नाही. शेजारची मावशी रोज अर्धी भाकरी धाकट्याच्या उंबऱ्यात ठेवी. "खा आधी, मग भांड जगाशी," म्हणे. एक दिवस तिने अर्ध्याचीही अर्धी ठेवली. त्याच दिवशी समोरच्या घरातला तरणा गडी दारात उभा राहून ओरडला, "तुझ्या दाढीपायी आमची पोरं उपाशी! गेलेले काय तुझ्या दाढीला धरून परत येणारेत?"

धाकटा मूठ वळून उठला. तेवढ्यात आळीचे म्हातारे आबा मधे आले. त्यांनी गड्याला मागे सारलं.

गडी म्हणाला, "आबा, मोडा की ही रीत! तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे?"

"मोडतो," आबा म्हणाले. "आधी याच्या प्रश्नाचं उत्तर तू दे. लगेच मोडतो."

गडी आपल्या उंबऱ्यात जाऊन टेकला. आबा धाकट्याजवळ बसले.

"पोरा, मी तुला मान घाल म्हणणार नाही. घालू नको असंही म्हणणार नाही. पोरांची तोंडं तूही बघतोस, मीही बघतो."

धाकट्याने उंबऱ्यातला भाकरीचा तुकडा बघितला. वहिनी असती तर तिने आपली अख्खी भाकरी मावशीच्या घरी पोचवली असती. त्याने गुडघ्यात डोकं घातलं आणि तसाच म्हणाला, "आबा, न्हावीकाकांना बोलवा. मी बसतो."

सगळी आळी घाटावर गोळा झाली. पोरं पुढे, बायका मागे. न्हाव्याने कसाबसा एक वस्तरा घासून आणला होता. धाकटा पायरीवर बसला. आळीसाठी आता ही मान वाकवायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. ती वाकतही होती.

पण बातमी कोतवालालाही लागली होती. तो शिपाई घेऊन घाट उतरला, तोंडभर हसला.

"आला का शहाणपणा? वा! अरे, हुकुमापुढे भल्याभल्यांच्या माना वाकतात, तू कोण लागून गेलास?" आणि त्याने धाकट्याच्या मानगुटीवर पंजा ठेवून ती खाली दाबली.

धाकट्याला त्या पंजाखाली दादाची मान दिसली. वहिनीची दिसली. तो एकदम उसळला. कोतवाल मागे कोलमडला, आणि न्हाव्याच्या हातातला वस्तरा धाकट्याच्या हातात आला.

बायका किंचाळल्या. शिपायांनी भाले उचलले. कोतवालाचा गळा हातभर अंतरावर होता.

धाकट्याने हा हात पट्ट्यावर शंभरदा चुकवला होता. "पाठीवर वळव, अरे, पाठीवर," असं कोणीतरी जवळून म्हटल्यासारखं त्याला वाटलं. त्याने वस्तरा वळवला. धार वर, पाठ खाली. मग तो मिटून न्हाव्याच्या हातात दिला.

"मी आळीसाठी मान घालत होतो," तो कोतवालाला म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता, पण मान ताठ होती. "तुम्ही ती हुकुमाची केलीत. आता ती वाकायची नाही. दाबून बघा, तोडून बघा. तोडलेली मान काय, आपोआप खाली पडते. तिला वाकणं म्हणत नाहीत!"

कोतवाल ओरडला, "धरा त्याला! न्हाव्या, कर मुंडण!"

दोन शिपायांनी धाकट्याचे दंड धरून त्याला पायरीवर बसवलं. न्हावी जागचा हलला नाही. त्याने वाटीतला फेस नदीत ओतला.

"ताठ मानेवर मी वस्तरा चालवत नाही," तो म्हणाला. "पुढे राजाची दाढी करायला दुसरा बघा."

मग समोरच्या घरातला तोच तरणा गडी पुढे आला आणि धाकट्याच्या शेजारी पायरीवर बसला. मान ताठ. मावशी बसली. आबा गुडघे धरत धरत बसले. पोरांना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्यांनीही माना ताठ केल्या. घाटाच्या पायऱ्या भरून गेल्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच सूर आला.

"पूर आलाय हे दिसत असताना त्यांना पलीकडे कोणी पाठवलं?"

कोतवालाने शिपायांकडे बघितलं. शिपायांच्या हातातून धाकट्याचे दंड केव्हाच सुटले होते. त्यांच्याही दाढ्या वाढल्या होत्या, आणि त्या दाढ्यांआड ते काय पुटपुटत होते ते कोतवालाला ऐकू आलं. तो आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस एकटाच आळीत आला. अंगावर साधी घोंगडी, छातीवर दाढी. नाक्यावरच्या पहारेकऱ्यानेही त्याला ओळखलं नव्हतं, "ए गोसावी, पलीकडून जा," असं म्हटलं होतं. तो धाकट्याच्या दारात उभा राहिला.

धाकट्याने वर बघितलं. चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. पण तो माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्यात असा उभा होता, की घरच्याने उठून आपल्याला बसायला द्यायचं असतं, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. हा राजाच, हे धाकट्याला कळलं, पण तो उठला नाही.

"ये," तो म्हणाला. "खाली बस. आमच्याकडे सगळे खालीच बसतात."

राजाला एकेरी हाक मारणारा माणूस त्या आळीने आजवर पाहिला नव्हता. आळी दारांआडून बघत होती. राजा जमिनीवर बसला.

"तुझा प्रश्न माझ्यापर्यंत आला," तो म्हणाला.

"प्रश्न येतोच. उत्तर आणलंस का?"

राजाने घोंगडी सावरली.

धाकट्याने कोनाड्यातून पुडी काढली. तेल लावलेलं चामडं, वहिनीची गाठ. त्याने ती राजाच्या तळहातावर ठेवली.

"घे. तुझे केस. तिने ते भिजू दिले नाहीत. हातपाय मारायला दोन्ही हात हवे होते, तरी एक हात तिने या पुडीवर ठेवला असेल. गालावरून फिरवून बघ. एकही गळणार नाही."

राजाने पुडी सोडली. चिमूटभर केस गालावरून फिरवले. कोणी दाबली नाही, कोणी सांगितलं नाही, पण त्याची मान हळूहळू खाली गेली. दाढी मांडीला टेकली. ओठ हलले. त्यातून शब्द मात्र आला नाही.

धाकट्याने वाट बघितली. शब्द येत नाही हे कळल्यावर तो उठला आणि खुंटीवरचा पट्टा काढून आणला. दादाने उबेला धरायला सांगितलेला, कोरडा राहिलेला पट्टा.

"मान वाकली तुझी, बघितलं मी. पण हे काही उत्तर नाही. उत्तर देता येत नसेल तर निदान एवढं दे. हा पट्टा मी घाटावरच्या खांबाला टांगतो. पाणी चढून या पट्ट्याला लागलं की नाव सुटणार नाही. कोतवालाच्या सांगण्यावरून नाही, आणि तुझ्या हुकुमानेही नाही."

"दिलं," राजा म्हणाला. त्या घरात तो बोललेला हा शेवटचा शब्द. पुडी छातीशी धरून तो आला तसा चालत गेला. त्या केसांचा कुंचला त्याने कधी करवून घेतला नाही. कोतवालाची चावडी मात्र गेली, आणि राजवाड्यातून त्या पावसाळ्यात धान्याच्या गोणी आळीत आल्या. आबांनी त्या पोरांसाठी उतरवून घेतल्या.

पुढे कितीतरी पूर आले. पाणी पट्ट्याला शिवलं की नावाडी नाव खांबाला बांधी आणि हाताची घडी घालून बसे. हुकूम घेऊन आलेले स्वार काठावर ताटकळत. "कोणाच्या जिवावर एवढी मुजोरी?" असं कोणी विचारलं, की नावाडी पट्ट्याकडे बोट दाखवी. पट्टा भिजून मेला की आळी नवा पट्टा करून टांगी. त्या घाटावर हुकुमापायी पुन्हा कोणी बुडालं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी राजा गेल्यावर धाकटा न्हावीकाकांना घेऊन घाटावर आला. खांबावर चढून त्याने दादाचा पट्टा टांगला, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. मग पायरीवर बसून त्याने कनवटीचा एक आखूड, जाडाभरडा, एका बाजूला कललेला कुंचला न्हाव्याच्या हातात दिला.

"याने लावा, काका. बोकडाएवढी दाढी आलीय आता."

न्हाव्याने कुंचला फेसात बुडवला. वस्तरा उघडला आणि थांबला. त्याने "मान खाली घे" असं म्हटलं नाही. धाकट्याने एकदा खालच्या वळणाकडे बघितलं, उंबराच्या मुळांकडे. आणि त्या दोघांसाठी, आपणहून, मान वाकवली.

बोध एवढाच : ज्याच्या हुकुमाने आपलं माणूस गेलं त्याला आधी जाब विचारावा, आणि मान मग गेलेल्यांसाठी वाकवावी, हुकुमासाठी कधीच नाही.